‘न वापरलेला पॅरामीटर म्हणजे कचरा’ : कर्नेल डीबगरच्या सफाईविषयी सविस्तर असहमती

गाभाऱ्यातला

परवा ‘स्वच्छकोड’ यांनी लिहिले की कर्नेल डीबगरच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील चुका शोधणाऱ्या साधनाच्या) कोडमधील न वापरलेले पॅरामीटर (फंक्शनला बाहेरून मिळणारी मूल्ये) हा वर्षानुवर्षे साठलेला कचरा आहे, कोणीतरी एका शनिवारी बसून तो झाडून टाकावा, आणि याला विरोध करणारे केवळ आळशी आहेत. आळशीपणाचा आरोप माझ्यावर घरीही होतो, त्यामुळे त्याचे विशेष वाईट वाटले नाही. मात्र ‘कचरा’ या शब्दाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

लिनक्सच्या केजीडीबी या डीबगरमधील केजीडीबी_आर्च_पीसी हे फंक्शन पाहा. त्याला एक्सेप्शनचा (प्रोसेसरला मध्येच थांबवणाऱ्या घटनेचा) क्रमांक आणि रजिस्टरांचा (प्रोसेसरच्या आतील साठवणीच्या जागांचा) संच असे दोन पॅरामीटर मिळतात. त्याची सर्वसाधारण आवृत्ती ‘वीक’ म्हणून, म्हणजे एखाद्या आर्किटेक्चरला स्वतःची आवृत्ती देऊन बदलता येईल अशी, लिहिलेली आहे आणि ती पहिल्या पॅरामीटरकडे ढुंकूनही न पाहता रजिस्टरांतून पीसी (प्रोसेसर कोडमध्ये कुठे पोहोचला तो पत्ता) काढून परत करते. केवळ ही फाइल उघडून बसलेल्या माणसाला तो पॅरामीटर निरुपयोगीच वाटणार. परंतु एक्स८६ या प्रोसेसर-कुळावर ब्रेकपॉइंटची (डीबगरसाठी थांबण्याची) सूचना एका बाइटची असते आणि ती चालून गेल्यानंतर पीसी तिच्या पुढे उभा असतो. म्हणून तिथली आवृत्ती एक्सेप्शनचा क्रमांक ३, म्हणजे ब्रेकपॉइंटचा, आहे का ते पाहते आणि असल्यास पीसीतून एक वजा करते. आर्म६४ या दुसऱ्या कुळावर पीसी त्या सूचनेवरच थांबतो, त्यामुळे तिथे ही उठाठेव लागत नाही.

एका जुन्या नोकरीत आमच्या खासगी शाखेवर (कर्नेल कोडच्या स्वतंत्र प्रतीवर) असाच एक सफाईचा शनिवार झाला होता. शाखा आर्म६४ ची असल्यामुळे सगळे सुरळीत चालले. पुढे तोच कोड एक्स८६ च्या बोर्डासाठी बांधताना कंपायलरने घोषणा जुळत नसल्याची तक्रार केली, तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याने पॅरामीटरबरोबर ती अटही काढून टाकली आणि बांधणी हिरवी झाल्याचे कळवले. त्यानंतर केडीबी (कर्नेलमधील आज्ञा घेणारा डीबगर) ब्रेकपॉइंटवर थांबत असे, पण हा आपलाच ब्रेकपॉइंट आहे हे त्याला ओळखता येत नसे. ‘गो’ (पुढे चल) म्हटले की प्रोसेसर मूळ सूचनेच्या दुसऱ्या बाइटपासून धावत सुटे. मेमरी खराब असावी या समजुतीने आम्ही दोन बोर्ड बदलले.

स्वच्छकोड

आपल्या सहकाऱ्याने विचार न करता अट काढली, हा दोष पॅरामीटरच्या सफाईचा कसा होतो, ते आपण सांगितलेले नाही. आपण मुद्दाम असे फंक्शन निवडले आहे की ज्याच्या एका आवृत्तीत पॅरामीटर वापरला जातो. मी ज्यांबद्दल लिहिले ती निराळी आहेत. केडीबी_रीबूट पाहा. त्याला आर्गसी (आज्ञेनंतरच्या शब्दांची संख्या) आणि आर्गव्ही (ते शब्द) मिळतात, आणि ते दोघांनाही हात न लावता यंत्र पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करते. तो फसला तर तसा संदेश छापून जागच्या जागी गिरक्या घेत बसते. तिथे कोणते आर्किटेक्चर त्या पॅरामीटरची वाट पाहत आहे?

अशी व्यापक सफाई अशक्य असल्याचा सूर लावणाऱ्यांनी इतिहासही पाहावा. २००६ साली २.६.१९ आवृत्तीच्या वेळी कर्नेलमधील सर्व इंटरप्ट हँडलरांचा (उपकरणाची हाक आली की चालणाऱ्या फंक्शनांचा) रजिस्टरांचा पॅरामीटर काढला गेला. शेकडो ड्रायव्हर त्याला विनाकारण वाहत होते आणि वापरणारे बोटांवर मोजण्याइतके होते. ज्यांना तो हवा होता त्यांच्यासाठी प्रत्येक सीपीयूवर एक पॉइंटर ठेवला गेला. एफआरव्ही या छोट्या आर्किटेक्चरवर इंटरप्टमधून बाहेर पडण्याचा मार्ग त्यामुळे २० टक्क्यांनी वेगवान झाल्याची नोंद त्याच कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात आहे. तेव्हा आकाश कोसळले नाही.

गाभाऱ्यातला

उदाहरण आपले आहे, पण ते साक्ष माझ्या बाजूने देते. २००६ मध्ये कोणी एका हँडलरचा पॅरामीटर काढला नव्हता. सगळ्यांचा करार एकदम बदलला, आणि त्याला स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती मेमरी) व वेळ वाचवण्याचे मोजता येणारे कारण होते. केडीबीच्या आज्ञा एका तक्त्यात फंक्शन पॉइंटर (फंक्शनचा पत्ता) म्हणून नोंदवलेल्या असतात. त्यांपैकी एकट्या रीबूटचे पॅरामीटर काढायचे, तर एक तर सगळा तक्ता बदलावा लागेल किंवा पॉइंटरला जबरदस्तीने कास्ट करावे, म्हणजे वेगळ्या प्रकारचा म्हणून खपवावे लागेल.

तिसरी_ओळ

कास्टचे नाव निघालेच आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे बाहेरून आलेल्या एका मॉड्यूलने केडीबीत स्वतःची आज्ञा नोंदवली होती, आणि लिहिणाऱ्याने ‘मला पॅरामीटर लागतच नाहीत’ असे म्हणून रिकाम्या कंसाचे फंक्शन कास्ट करून दिले होते. ते अनेक वर्षे चालले, कारण ६४-बिट एक्स८६ वर पहिले सहा पूर्णांक पॅरामीटर रजिस्टरांतूनच जातात आणि ते न वाचल्याने कोणाचे काही बिघडत नाही. नंतर आम्ही क्लँग या कंपायलरने बांधलेल्या कर्नेलमध्ये केसीएफआय हे संरक्षण चालू केले. ते अप्रत्यक्ष कॉलच्या आधी फंक्शनच्या प्रकाराची खूण ताडून पाहते आणि जुळली नाही तर ट्रॅप करते, म्हणजे काम तिथेच थांबवते. हा ट्रॅप आला तो आम्ही डीबगरच्या आत असताना. डीबगरात पुन्हा डीबगर शिरला, ‘रिकर्सिव्ह एंट्री’ म्हणत पॅनिक झाला (कर्नेलच ठप्प), आणि ज्या बिघाडाचा शोध घेण्यासाठी रात्री अडीच वाजता सीरियल केबल लावून बसले होते, त्याचा एकुलता एक पुरावा माझ्या डोळ्यांदेखत गेला.

त्या मॉड्यूलचा लेखक कोण होता ते मला ठाऊक आहे. त्याचे नाव मी लिहिणार नाही, परंतु तो सफाईचा मोठा भोक्ता होता.

जुनाबीएसडीवाला

लिनक्सवाल्यांना दोनच पॅरामीटर भारी झाले याचे आश्चर्य वाटते. आमच्या बीएसडीच्या डीडीबी या डीबगरात प्रत्येक आज्ञेला चार मिळतात : पत्ता, पत्ता दिला होता की नाही, संख्या आणि विशेषक. हा वारसा कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या माख या कर्नेलमधून आलेला आहे. दुसरा पॅरामीटर पाहून प्रत्येक नवखा म्हणतो की पत्ता शून्य आहे का ते तपासले की पुरे. ते पुरत नाही, कारण पत्ता दिला नसेल तर तिथे शून्य नसते, ‘डॉट’ म्हणजे मागील आज्ञेने जिथे सोडले ती जागा असते.

तरीही एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागेल. जुन्या फ्रीबीएसडीत काही ठिकाणी या चौघांची नावे डमी१ ते डमी४ अशी होती, आणि वर लिंट या कोड तपासणाऱ्या साधनाला गप्प करण्यासाठी ‘आर्ग्जयूज्ड’ अशी टिप्पणी लिहिलेली असे. हे वाचणाऱ्याला काय सांगते? काहीही नाही. ‘स्वच्छकोड’ यांचा राग या नावांवर असेल तर तो रास्त आहे; पण हा इलाज म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पॅरामीटर राहू द्या, नाव नीट द्या. सी भाषेच्या सी२३ या मानकापासून तर फंक्शनच्या व्याख्येत नाव वगळताही येते, जे सी++ मध्ये फार पूर्वीपासून चालत आले आहे.

नवखा_पॅचकर

मी सर्वांहून लहान आहे, तरी एक विचारतो. माझा कर्नेलमधील पहिला पॅच (बदलाचा प्रस्ताव) असाच होता : एका स्टॅटिक (फक्त आपल्या फाइलीपुरत्या) फंक्शनचा न वापरलेला पॅरामीटर काढणे. त्याला बोलावणारा एकच कॉलर होता, कोणताही तक्ता नव्हता. पॅच स्वीकारला गेला आणि त्या दिवशी मी आईला फोन केला. वरची चर्चा वाचून आपण कोणाच्या तरी घरात चिखलाचे पाय घेऊन शिरलो होतो की काय, असे वाटू लागले आहे.

गाभाऱ्यातला

आपला पॅच योग्यच असणार. पण सफाईचे पॅच म्हणून जे येतात त्यांतील बहुतेक आपल्यासारखे नसतात. त्यांचा खरा हेतू कमिटच्या यादीत नाव झळकवणे हा असतो, आणि त्याची किंमत मी मोजतो. एखाद्या ओळीचे कारण शोधायला ‘गिट ब्लेम’ (प्रत्येक ओळ शेवटी कोणत्या कमिटने बदलली ते सांगणारी आज्ञा) चालवावे, तर २०१० चा तो विचारपूर्वक लिहिलेला संदेश मिळण्याऐवजी ‘रिमूव्ह अनयूज्ड पॅरामीटर’ एवढे तीन शब्द हाती येतात.

स्वच्छकोड

गिटच्या २.२३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेममध्ये नकोसे कमिट वगळण्याची सोय आहे. आपल्याला ती माहीत नसल्याची शिक्षा नवख्यांना का?

गाभाऱ्यातला

माहीत आहे. वगळायच्या कमिटांची यादी प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर सांभाळायची, म्हणजे सांडणाऱ्याने सांडायचे आणि फडके आम्ही धरायचे.

स्वच्छकोड

आपण एका मुलाच्या पहिल्या कामाला सांडणे म्हणत आहात, हे आपल्या लक्षात येत आहे का? वीस वर्षांपूर्वी आपला पहिला पॅच कोणता होता, ते एकदा सांगून टाका.

गाभाऱ्यातला

टिप्पणीतील स्पेलिंगची दुरुस्ती होती. ते अगदी वेगळे आहे.

जुनाबीएसडीवाला

ते किती वेगळे आहे, हे ऐकण्यास मी उत्सुक आहे.

तिसरी_ओळ

ब्लेमच्या भांडणात ‘नवखा_पॅचकर’ यांच्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले, ते मी देते. आपले फंक्शन स्टॅटिक होते आणि त्याचा पत्ता कोणी घेतलेला नव्हता. अशा ठिकाणी जीसीसी (कंपायलर) ओ२ या ऑप्टिमायझेशनच्या स्तरावर तो पॅरामीटर बहुधा स्वतःच उडवते, ‘.आयसरा’ असे शेपूट लागलेली नावे सिंबलच्या यादीत दिसतात, त्यांचे हे एक कारण आहे. म्हणजे आपण फक्त वाचणाऱ्याचे काम हलके केलेत, आणि ते चांगलेच केलेत. पत्ता घेतलेल्या फंक्शनांच्या बाबतीत कंपायलरलाही हे धाडस करता येत नाही. लिनक्सच्या बांधणीत जादा इशाऱ्यांचा पहिला स्तर चालू केला, तरी न वापरलेल्या पॅरामीटरचा इशारा मुद्दाम बंद ठेवलेला असतो. जिथे हजारो कॉलबॅक (पत्त्यावरून बोलावली जाणारी फंक्शने) आहेत तिथे तो इशारा ऐकण्यासारखा राहत नाही.

स्वच्छकोड

ठीक आहे. तक्त्यातील फंक्शने सोडून द्या, असे मी म्हणतो. आनंद झाला का? पण मग सिसआरक्यूचे, म्हणजे कर्नेलला थेट आज्ञा देणाऱ्या कळांचे, काय? डीबगरात शिरण्याची ‘जी’ कळ ज्यांत मोडते त्या सिसआरक्यू हँडलरांना एकेकाळी तीन पॅरामीटर मिळत. रजिस्टरांचा २००६ च्या त्याच बदलात गेला, टीटीवायचा (टर्मिनलचा) २०१० मध्ये गेला, आणि राहिलेल्या ‘की’ चा (दाबलेल्या कळीचा) प्रकार २०२३ मध्ये एका बाइटचा झाला. तक्त्यातील कॉलबॅकचेच पॅरामीटर दोनदा काढले गेले आणि तेही आपल्या लाडक्या डीबगरच्या दारात. तो शेवटचा ‘की’ सुद्धा डीबगरचा हँडलर वापरत नाही. तो अजून का आहे?

गाभाऱ्यातला

कारण शून्य ते नऊ या दहा कळांना मिळून लॉगची पातळी (किती संदेश दिसावेत ते) बदलणारा एकच हँडलर आहे, आणि कोणती कळ दाबली हे त्याला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही. उरलेले सगळे त्या एकासाठी ‘की’ वाहतात. करार म्हणतात तो हाच. टीटीवाय मात्र खरोखर कोणालाच नको होता, हे मान्य. तो काढणाऱ्याने सर्व हँडलर एकत्र बदलले, हेही आपण मान्य करावे.

केडीबी_रीबूटवर मी रात्री पुन्हा विचार केला. आपण चुकीच्या कारणासाठी बरोबर जागेवर बोट ठेवले आहे, आणि हे लिहिताना मला मुळीच आनंद होत नाही. केडीबीतील ‘समरी’ किंवा ‘एलएसमॉड’ ला फाजील शब्द दिला तर ते आर्गसी पाहून चूक दाखवतात. रीबूट पाहत नाही. म्हणजे तिथला न वापरलेला पॅरामीटर कचरा नसून राहून गेलेली तपासणी आहे. आपण पॅच पाठवायचाच असेल, तर ती तपासणी घालणारा पाठवा. मी त्यावर आढाव्याची सही देईन. शीर्षकात ‘क्लीनअप’ हा शब्द तेवढा नको.

स्वच्छकोड

म्हणजे मी ओळी काढायला आलो आणि घालून परत जायचे. पाठवतो. शीर्षकाचे मात्र मी पाहीन.

तिसरी_ओळ

पाठवण्यापूर्वी माझा विरोध नोंदवून घ्यावा. अडीच वाजता, थरथरत्या सीरियल लाइनवर ‘रीबूट’ नंतर एखादे चुकार अक्षर उमटले, तर मला त्या क्षणी पॅरामीटरांच्या संख्येवरचा उपदेश नको आहे, रीबूट हवे आहे. ती तपासणी राहून गेली, की कोणी माझ्यासारख्या अवस्थेत बसून मुद्दाम वगळली, हे आपल्यापैकी कोणी ब्लेम चालवून पाहिले आहे का?

जुनाबीएसडीवाला

आता ब्लेम चालवाच. तीन शब्दांचा संदेश निघाला, तर ‘गाभाऱ्यातला’ यांना सांभाळा.