कॉर्व्हेटचा खरा बाप कोण?

फियाटवाला_७२:
मंडळी एक बावळट प्रश्न. लेकाने शेव्हरोलेच्या १९६३ च्या कॉर्व्हेट स्टिंग रे ह्या अमेरिकन स्पोर्ट्स गाडीचं छोटं मॉडेल आणलंय, मागची काच मधोमध पट्टी टाकून दोन भाग केलेली. म्हटलं कोणी बनवली बघू, तर एकीकडे जनक म्हणून हार्ली अर्ल, दुसरीकडे झोरा आर्कस-डंटोव्ह, आणि ह्या मॉडेलला बिल मिचेल. एका गाडीला बाप किती? आणि त्या पट्टीतून मागचं दिसायचं कसं?

कार्ब्युरेटर_काका:
बाप अर्लच. जीएमच्या (जनरल मोटर्स, शेव्हरोले त्यांचीच) स्टाइलिंगचा बॉस, युरोपातल्या छोट्या स्पोर्ट्स गाड्या अमेरिकेत दिसायला लागल्या तेव्हा आपलीही एक हवी म्हणून त्याने घाट घातला. जानेवारी १९५३ ला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात मोटोरामाला, म्हणजे जीएमच्या गाड्यांच्या प्रदर्शनात ठेवली, जूनअखेर फ्लिंटच्या कारखान्यात बनायला पण लागली. बॉडी फायबरग्लासची, पहिल्या वर्षी ३०० गाड्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. पण दिसतं तसं नसतं ना, आत सहा सिलिंडरचं १५० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि दोन स्पीडचा ऑटोमॅटिक गिअर. स्पोर्ट्स कारला! ५४ मध्ये साडेतीन हजारांवर काढल्या, त्यातल्या बऱ्याच पडून राहिल्या, ५५ ला फक्त ७००.

रेव्हलिमिटर:
काका, अर्ल वसुदेव हो, पण वाढवलं नंदानेच. डंटोव्ह म्हणजे ब्रुसेल्सला जन्मलेला, रशियन आईबापांचा इंजिनियर, त्याने मोटोरामात गाडी बघितली, प्रेमात पडला, शेव्हरोलेला पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी तिथे नोकरीला लागला. डिसेंबरात साहेबांना मेमो, की गाड्या फास्ट करणारी तरुण पोरं सगळी फोर्डच्या मागे आहेत, आपलं नवीन व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) येतंय तर त्याचे रेसिंगचे पार्ट आपणच विकू. नवा नोकर आणि हा आगाऊपणा! ५५ ला व्ही-८ आलं (ते मात्र शेव्हरोलेचा चीफ इंजिनियर एड कोल, त्याच्या टीमचं, त्यांना कोणी विचारत नाही), ५७ ला फ्युएल इंजेक्शन घालून २८३ क्युबिक इंचातून २८३ हॉर्सपॉवर.

स्केचबुक:
काचेचं मी सांगते. ५८ च्या शेवटी अर्लच्या जागी मिचेल आला. स्टिंग रेच्या डिझाइनमध्ये मोठा हात लॅरी शिनोडाचा, जपानी वंशाचा अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं तेव्हा लहानपणी मांझानारच्या छावणीत राहिलेला. मिचेलला गाडीच्या मधोमध पुढून मागपर्यंत कण्यासारखी सलग रेघ हवी होती, पट्टी त्यातलीच. डंटोव्ह म्हणाला मागचं दिसत नाही, जाम वाजलं दोघांचं. ६३ ला मिचेल जिंकला, ६४ ला पट्टी गेली. खालचं मात्र डंटोव्हचं, मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आणि स्प्रिंग म्हणून आडवा पाटा. माझ्या मते ६३ ची गाडी भारी दिसते ती ह्या भांडणामुळेच.

फियाटवाला_७२:
म्हणजे बरोबर डंटोव्हचं होतं आणि आज कलेक्टर लोक जीव टाकतात ते मिचेलच्या पट्टीवर. वा.

रेव्हलिमिटर:
डंटोव्हचं अजून एक राहिलंच की. इंजिन ड्रायव्हरच्या मागे हवं म्हणून १९६० पासून प्रोटोटाइप बनवत होता, कंपनी काही ऐकेना, ७५ ला रिटायर झाला, ९६ ला गेला, अस्थी बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट म्युझियममध्ये आहेत. इंजिन मागे गेलं २०२० च्या मॉडेलला.

फियाटवाला_७२:
लेक शेजारी बसून वाचतोय. आता त्याला ती २०२० वाली पण पाहिजे. झालं समाधान तुमचं?