वाकळीच्या पट्ट्या आखूड भरल्या. मदत हवी आहे

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहते. आजीच्या सुती लुगड्यांची वाकळ, जिला आमच्या कन्नड शेजारणी कौदी म्हणतात, मी प्रथमच मशीनवर जोडत आहे. 6 इंची 12 चौकोनांची पट्टी पाव इंच शिवणीने साडे 66 इंच भरायला हवी. परंतु प्रत्येक कडेला एकेक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त दाबले गेल्यामुळे दोन पट्ट्या पावणेतीन इंचांनी आखूड झाल्या. पहिले दोन चौकोन जोडताच मोजायला हवे होते, हे आता उमगले. लुगडे इतके विरले आहे की उसवताना सुईच्या छिद्रांपाशी धागे सुटतात. अशा वेळी शिवण उसवावी, की टोकाला काठाचा तुकडा जोडावा? आजीचा एकही काठ वाया घालवायचा नाही, म्हणून जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.