रेशमी कापडातलं बायबल
एका ताईंनी लिहिलंय, मराठी बायबल मिळालं याची कृतज्ञता म्हणून त्या ते रेशमी कापडात गुंडाळून ठेवतात. ठेवा की, पण उघडा पण! आमच्या कोल्हापूरच्या घरात आजीच्या बायबलची पानं हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली. चौथी शिकलेली बाई. तेविसावं स्तोत्र अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचायची, अडलं की मला हाक. पंडिता रमाबाईंनी बायबलच्या मूळ भाषा, हिब्रू-ग्रीक, शिकून त्याचं सगळं भाषांतर केलं ते अशाच बायांना कळावं म्हणून, साध्या मराठीत. १९२२ ला त्या गेल्या, ग्रंथ १९२४ ला आला. शेजारच्या काकूंना आता दिसत नाही, त्यांना मी संध्याकाळी एक अध्याय वाचून दाखवतो. चहा मिळतो, ते वेगळं.