पोट भरलेला माणूस पैसे का खातो?

अर्धविराम:

नोकरीला लागून मला चौदा महिने झाले. परवान्यांचं काम आहे, एवढंच सांगते.

माझे साहेब पैसे घेतात. हे कळायलाच मला सहा महिने लागले, कारण माणूस तसा दिसत नाही. वेळेवर येतात, आवाज चढवत नाहीत, शिपायाच्या मुलीच्या ऑपरेशनला स्वतःच्या खिशातून पैसे दिले. ऑफिसचं पेन चुकून घरी गेलं तर दुसऱ्या दिवशी आणून जागेवर ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. घराचं कर्ज फिटलंय, मुलं मार्गाला लागलीत, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. आणि तरी वजन ठेवल्याशिवाय फाइल हलत नाही.

गरजेपोटी कुणी घेतलं तर मला समजतं (पटत नाही, पण समजतं). ह्यांना कसली गरज? हाव म्हणावी तर राहणी साधी. "सगळेच चोर" हे उत्तर नको, ते मला घरी फुकट मिळतं. कुणी हे जवळून पाहिलं असेल तर सांगा.

जुनी खातेवही:

एकतीस वर्षं लेखापरीक्षणात काढली, त्यातली शेवटची नऊ चौकश्यांवर. तुमच्या साहेबांसारखे बरेच पाहिले. उघड हावरट माणसं त्या मानाने कमीच भेटली.

एका चौकशीत एका अधिकाऱ्याच्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची छोटी वही सापडली. दोन दिवस मी ती वाचत बसलो होतो. पानांवर पट्टीने आखलेल्या उभ्या रेघा. तारीख, कामाचा क्रमांक, आलेली रक्कम, आणि पुढे पाच रकाने: वरच्याचा वाटा, स्वतःचा, खालच्या तिघांचे. तळाशी बेरीज, बेरजेखाली पेन्सिलीची बारीक खूण. एका पानावर आकडा चुकला होता, तर खोडून वर बरोबर आकडा लिहिला होता आणि शेजारी सही केली होती. खाडाखोड केली की सही करायची, हा आम्हा हिशेबवाल्यांचा नियम. लाचेच्या वहीत तो पाळणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्याच्या हाताखालच्या एकाने मधल्यामध्ये वाट्यातले थोडे दाबले, तेव्हा ह्याने त्याला चारचौघांत बेइमान म्हटलं होतं. हे त्या हाताखालच्यानेच जबाबात सांगितलं, मान खाली घालून. लाच घेतल्याचं त्याला काही वाटत नव्हतं. लाज होती ती वाट्यातले दाबल्याची.

तेव्हा माझा अंदाज असा, की तुमचे साहेब स्वतःला लाचखोर समजतच नसणार. त्यांच्या लेखी ती एक रीत आहे, तिला नियम आहेत आणि ते नियम ते चोख पाळतात. पेन कचेरीचं, पाकीट आपलं. त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही.

सुरुवात कशी झाली, हे मी वहीवाल्याला विचारलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणीतरी त्याच्या ड्रॉवरमध्ये पाकीट टाकलं. त्याने ते नेऊन परत दिलं. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तो आला की गप्पा थांबायच्या. असे सात महिने गेले. आठव्या महिन्यात पाकीट ठेवून घेतलं. पैशांचं काय केलं, तर म्हणाला, "काही नाही. बरेच दिवस तसंच पडून होतं. पण त्या दिवशी जेवायला हाक मारली मला." आणि हसला.

हाँगकाँगच्या पोलिसांत एकेकाळी ह्याला बसची उपमा होती. बसमध्ये चढा. चढायचं नसेल तर बाजूने पळा. पण बससमोर उभे राहू नका. १९७३ मध्ये तिथला पीटर गॉडबर नावाचा मुख्य अधीक्षक, ४३ लाख हाँगकाँग डॉलरच्या वर माया जमवलेला, चौकशी चालू असतानाच हाँगकाँगबाहेर सटकला. लोक रस्त्यावर उतरले, १९७४ मध्ये भ्रष्टाचाराविरुद्ध स्वतंत्र आयोग नेमावा लागला. गॉडबरला परत आणून ४ वर्षांची शिक्षा झाली. नाव त्याचंच राहतं. माझा सगळा जन्म मात्र मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसलेल्यांच्या फायली तपासण्यात गेला.

तिरकस:

काका, वहीचं वाचून अंगावर काटा आला. पण तुम्ही ह्या लोकांवर फार माया करता. माणूस खातो कारण खाता येतं आणि काही होत नाही. एवढं सोपं आहे.

न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांतले देशोदेशींचे राजदूत आणि त्यांचा कर्मचारीवर्ग गाडी कुठेही लावायचे. पावती फाटायची, पण राजनैतिक संरक्षणामुळे दंड वसूल करता यायचा नाही. १९९७ ते २००२ ह्या काळात न भरलेल्या पावत्या दीड लाखाच्या वर गेल्या. २००२ च्या अखेरीस शहराला अशा गाड्यांच्या खास नंबरप्लेट काढून घ्यायची मुभा मिळाली, आणि प्रकार ९८ टक्क्यांनी खाली आले. माणसं तीच, संस्कार तेच. ह्यात जेवायला हाक मारायचा प्रश्न कुठे आला?

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी, ती माझ्या विरुद्ध जाते. मोकळीक सगळ्यांना सारखीच होती. तरी कुवेतच्या दर माणसामागे वर्षाला अडीचशेच्या आसपास पावत्या, आणि नॉर्वे-स्वीडनच्या शून्य. म्हणजे सोबत कुणाची, हे थोडंफार मोजावं लागतंच.

हातचा एक:

पगार वाढवा म्हणजे थांबेल असं कुणी म्हणायच्या आत: घानामध्ये २०१० साली पोलिसांचे पगार दुप्पट केले. संशोधकांनी मालवाहू ट्रकच्या फेऱ्यांत चालकांना रस्त्यात किती द्यावं लागतं हे आधी आणि नंतर मोजलं, शेजारच्या बुर्किना फासोशी ताडूनही पाहिलं. घानाच्या पोलिसांचा पैसे काढायचा खटाटोप वाढला, चालकाच्या खिशातून जाणारी एकूण रक्कमही वाढली. अर्धविराम, तुमचे साहेब गरजेतून घेत नाहीत ह्याचं नवल वाटायला नको.

दाराआड:

इथे लिहावं की नाही असा दोन दिवस विचार केला. माझे वडील घ्यायचे.

विचारलं की म्हणायचे, तुमच्यासाठीच करतो. आम्ही भावंडांनी कधी काही मागितलं नव्हतं. मला नोकरी लागली तेव्हा मी स्पष्ट म्हणाले, बाबा, आता पुरे. तरी निवृत्त होईपर्यंत घेत राहिले. तेव्हा कळलं की आमचं फक्त नाव होतं.

आमच्या बाहेरच्या खोलीत सकाळी माणसं बसलेली असायची. बाबा आतल्या खोलीत तयार होऊन, चष्मा वगैरे लावून, नुसते बसायचे. पेपर वाचून झालेला असायचा. मी म्हणायचे, जा ना, वाट बघतायत ते. "बसू दे थोडं." रोज वीस-पंचवीस मिनिटं. ते बाहेर आले की सगळे उठून उभे राहायचे.

निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात कुणी येईनासं झालं. पैशांची काही कमी नव्हती. पण ते सकाळी तसेच तयार होऊन आतल्या खोलीत बसायचे, आणि मग बाहेर येऊन रिकाम्या खुर्च्या बघायचे.

अर्धविराम:

दाराआड, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. आमच्या साहेबांच्या केबिनबाहेरही बाक आहे. आत कुणी नसताना त्यावर लोक बसलेले असतात. मी इतके दिवस समजत होते, साहेब कामात आहेत.

काका, तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी माझ्याही टेबलावर पाकीट आलं. फायलीत, चौथ्या पानाला टाचणीने लावलेलं. मी अर्जदाराला बोलावून परत दिलं. कुणी काही बोललं नाही. साहेब आजही तितकेच गोड बोलतात. फक्त तेव्हापासून त्या प्रकारच्या फायली माझ्याकडे येईनाशा झाल्यात, शेजारच्या टेबलावरून थेट आत जातात. माझ्याकडे आता पत्ताबदलाचे अर्ज असतात. तुमच्या भाषेत मी बाजूने पळतेय बहुतेक.

जुनी खातेवही:

कामाचं वाटप बदललंय ते तोंडी की लेखी? तोंडी असेल तर आजच एक साधी टिपणी लिहून साहेबांना द्या: अमुक तारखेपासून अमुक प्रकारच्या फायली माझ्याकडे येत नाहीत, कृपया मार्गदर्शन व्हावे. तक्रारीचा सूर नको, एक शब्दही जास्त नको. आवक क्रमांक घ्या आणि शिक्क्याची प्रत घरी ठेवा. पाकीट परत दिलंत त्या दिवसाची तारीख, वेळ आणि फायलीचा क्रमांक आठवतोय तोवर कागदावर उतरवून काढा. आणि जेवायला कुणाबरोबर बसता, तेही सांगा जमलं तर.