ड्यूस एक्स ह्युमन रेव्होल्यूशन: पहिल्याच बॉसपाशी अडकलोय, मदत हवी आहे

मंडळी, या व्हिडिओ गेमची २०११ची मूळ आवृत्ती खेळतोय, २०१३चा डायरेक्टर्स कट (सुधारित आवृत्ती) नाही. आतापर्यंत एकही जीव घेतलेला नाही. व्हेंटमधून सरपटत जायचं, पहारेकऱ्याची पाठ वळली की टेकडाउन (जवळ जाऊन एका झटक्यात बेशुद्ध करणं), मग बेशुद्ध देह कोपऱ्यात ओढायचा. टेकडाउनला ऊर्जेची एक अख्खी बॅटरी जाते आणि आपोआप भरते ती फक्त पहिलीच, म्हणून दर वेळी अंधारात दबा धरून बसायचं. खरं तर यातच सगळी मजा होती. प्रॅक्सिस (क्षमता वाढवायचे पॉइंट) सगळे हॅकिंग आणि क्लोकवर (अदृश्य होण्याच्या क्षमतेवर) उधळले.

आणि आता समोर तो पहिला बॉस, बॅरेट! हाताच्या जागी मशीनगन, दार बंद, आडोसा जेमतेम. माझ्याकडे ट्रँक्विलायझर रायफल आणि स्टन गनचे तीन डार्ट. काल रात्री अकरा वेळा मेलो, शेवटचा तर स्वतःच्याच ग्रेनेडने.

स्फोटक पिंप फेकून मारले की तो क्षणभर गडबडतो, एवढं कळलंय. पण पिंप संपल्यावर काय? मागचं सेव्ह लोड करून टायफून (चौफेर स्फोट करणारी क्षमता) घेऊ, की स्टन गनवर कुणाचं निभावलंय? बॉस मेला तरी पॅसिफिस्ट (कुणाचाही जीव न घेता गेम संपवण्याची अचीव्हमेंट) जात नाही हे माहीत आहे, ते सोडून बोला.