नवांशावरून अयनांश ठरेल का? (चित्रा की रेवती, पुन्हा एकदा)

दहा_जानेवारी:
आमच्या घरी संक्रांत १० जानेवारीला. शेजारी १४ ला तिळगूळ घेऊन येतात तोवर आमच्या डब्यात चुरा उरलेला असतो. कारण टिळक पंचांग. ते रेवतीतल्या झीटा पिशियम ताऱ्यापासून मेष राशीचा आरंभ मोजतं. व्यंकटेश बापूजी केतकरांचा चित्रापक्ष चित्रा ताऱ्याला बरोबर १८० अंशांवर ठेवतो. मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात तोच धरला आणि २१ मार्च १९५६ चा अयनांश, म्हणजे वसंतसंपातापासून ताऱ्यांवरच्या मेषारंभापर्यंतचं अंतर, २३ अंश १५ कला (६० कलांचा एक अंश) ठरवला. गंमत अशी की रेवती आरंभाला आणि चित्रा बरोबर समोर, हे एकदम जमतच नाही. दोघींमधलं अंतर भरतं जवळजवळ १८४ अंश. भांडण या चार अंशांचं.

राशिकुंडलीत हे चार अंश लपून जातात. नऊ ग्रहांतला एखाद-दुसरा रास बदलतो, बाकीचे जागेवर. पण नवांश म्हणजे राशीचा नववा भाग, त्यामुळे फरक नऊपट. चाराचे छत्तीस होतात. नवांश ३ अंश २० कलांचा असल्यामुळे दोन पक्षांच्या नवांश कुंडल्यांत एकही ग्रह जागेवर राहत नाही. नक्षत्राचा चरण (पाव भाग) बदलला म्हणून नावाचं अक्षरसुद्धा बदलतं. मग ज्यांचं आयुष्य आपण पाहिलंय अशांच्या दोन्ही कुंडल्या मांडून ताडून का बघू नये? मी घरातल्या अकरा मांडल्या. रेवतीच्या बहुतेक लागू पडतात.

षष्ट्यंश:
मीही घरातल्याच मांडल्या होत्या. चित्रेच्या लागू पडल्या. :)
तुमची दिशा बरोबर आहे, पण नवांशावर का थांबता? लाहिरी (म्हणजे चित्रापक्षाचा) आणि कृष्णमूर्ती या दोन अयनांशांत जेमतेम ६ कलांचा फरक. नवांशात तो शंभरात तीन वेळा दिसेल. षष्ट्यंश म्हणजे राशीचा साठावा भाग, अर्ध्या अंशाचा, तिथे पाचातला एक ग्रह हलतो. भिंग मोठं घ्या.

गाई_परतल्या:
आणि जन्मवेळ? माझ्या आजीच्या टिपणात वेळ लिहिली आहे "गाई परतल्यावर". लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा बिंदू) चार मिनिटांत अंशभर पुढे जातं. ६ कला म्हणजे २४ सेकंद. दवाखान्यातल्या भिंतीवरच्या घड्याळावर एवढा विश्वास?

दहा_जानेवारी:
लग्न बाजूला ठेवू. चंद्राला एक नवांश ओलांडायला सहा तास लागतात, रविला तीन दिवसांहून जास्त. अर्ध्या तासाच्या चुकीने तिथे क्वचितच काही बिघडतं. षष्ट्यंशाचं मात्र पटलं नाही. तासाभरात चंद्र तो सोडून जातो.

आकडेमोड:
मूळ घोळ वेगळाच आहे. मंगळ आणि शुक्र यांचे भोगांश (राशिचक्रावरची जागा, अंशांत) घ्या, नवाने गुणा, ३६० वजा करत जा. आता अयनांश चार अंशांनी हलवा. दोघेही एकदम ३६ अंश सरकले, त्यांच्यातलं अंतर तेच. म्हणजे नवपट कुंडलीतली युती, प्रतियोग, केंद्र, त्रिकोण यांतलं काहीही अयनांशाची साक्ष देऊ शकत नाही. बदलते ती फक्त राशीची पाटी. तुमच्या अकरा पत्रिकांत "लागू पडलं" ते युतीमुळे की उच्च-स्वगृहीमुळे (ग्रह बलवान मानल्या जाणाऱ्या राशींमुळे), हे आधी वेगळं करा.

इंग्लंडच्या जॉन अॅडीने १९७६ साली या पटींवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या पद्धतीत एकाच प्रकारच्या पुष्कळ माणसांचे ग्रह घेऊन वर्तुळावर लाटा शोधायच्या. नवव्या पटीची लाट ४० अंश लांब. तिची उंची मेष कुठून मोजता यावर अवलंबून नाही, फक्त शिखराचा पत्ता बदलतो. तो पत्ता सायन (वसंतसंपातापासून) मोजून लिहा की निरयन (ताऱ्यांपासून), एका पिढीच्या माणसांत काही कळणार नाही, कारण ७२ वर्षांत अयनचलन (संपाताचं ताऱ्यांमधून सरकणं) जेमतेम अंशभर होतं. शतकानुशतकांच्या अचूक जन्मवेळा कुठून आणणार?

आणि @षष्ट्यंश, नवांश ही शुद्ध नवपट आहे, षष्ट्यंश शुद्ध साठपट नाही. तिथे प्रत्येक राशीत मोजणी त्याच राशीपासून सुरू होते. दोन्ही एका मापाने मोजू नका.

षष्ट्यंश:
शेवटचं मान्य. पण पाटीला क्षुल्लक समजू नका. फलिताचा अर्धा संसार पाटीवरच चालतो. शिखर कुठे यायला हवं हे शास्त्राने आधीच सांगितलंय, उदाहरणार्थ मंगळ मकर नवांशात उच्च. तिथे आलं तर पक्ष खरा.

आकडेमोड:
हे बरोबर. तपासणी होऊ शकते ती इथेच. पण मग कोणता ग्रह, कोणती माणसं, शिखर कुठे हे आधी लिहून ठेवायचं. आकडे बघून नंतर नाही.

वडाची_साल:
एवढं कशाला? नारळीकर, दाभोलकर वगैरेंनी महाराष्ट्रात चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं, दोन्हींच्या पत्रिका मिसळून २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. पाया नसलेल्या घराचा दरवाजा पूर्वेला की उत्तरेला यावर तुमचं चाललंय.

दहा_जानेवारी:
तो धागा वेगळा काढा, तिथे भांडू. पण पद्धत उचलण्यासारखी आहे, नावं झाकून. काल तेच केलं. आईच्या दोन्ही नवांश कुंडल्या कागदावर काढल्या, पक्ष लिहिला नाही, आणि काकांपुढे ठेवल्या. काका म्हणजे चाळीस वर्षं टिळक पंचांगाशिवाय पान न हलणारे. त्यांनी पाच मिनिटं पाहून एक उचलली. "ही वहिनींची. दुसरी कोणा परक्याची. बघ, रेवती कशी बोलते."
चित्रेची होती.

गाई_परतल्या:
काकांना सांगितलंत?

दहा_जानेवारी:
अजून नाही. संक्रांत होऊ दे.

आकडेमोड:
एका पत्रिकेवरून चित्राही सिद्ध होत नाही हो. उरलेल्या दहाही झाकून द्या काकांना. आणि त्यांचे निकाल इथे टाका, उलटे आले तरी.