मदत हवी आहे: चार ओळींच्या प्रेमगीतात ‘दिवा’ शब्द आणावा का?

सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातलं चित्र मी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात पाहिलं. (अनेक जण ते राजा रविवर्मांचं समजतात, तेच.) हातात दिवा घेतलेली स्त्री, ज्योतीवर आडवा धरलेला तळवा आणि त्या बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड. माझी नजर तिथून हलेना. त्यावरून हे प्रेमगीत लिहिलंय, एवढंच:

तू वारा अडवलास
बोटांतून उजेड आला
मी अंधारात होतो
अजून तिथेच आहे

चाल दादऱ्यात, साथीला फक्त तानपुरा. गाणं दोन मिनिटांचं आहे आणि मला ते तेवढंच ठेवायचंय.

तिघांना ऐकवलं. तिघांनीही ते विरहगीत समजलं. मला विरह नकोय. तिच्या उजेडात यायची घाई नसलेला, दुरूनच सुखावलेला माणूस हवाय. मग तिची साडी, चेहरा वर्णन करणारा अंतरा जोडून पाहिला, पण चित्राची माहिती सांगितल्यासारखं झालं, म्हणून काढला. शेवटी ‘आता तू दिसतेस’ केलं, तर सगळं उलगडून सांगितल्यासारखं वाटलं.

यमक नको आणि चालीबद्दलही सध्या नको. फार तर एक ओळ बदलू शकतो. माझा संशय ‘अजून’वर आहे, त्यात तक्रार ऐकू येते.

चित्र न पाहिलेल्यांनी खास सांगावं: ‘दिवा’ शब्दाशिवाय दिवा दिसतो का? आणि चौथ्या ओळीतलं दुःख नेमकं कोणत्या शब्दामुळे येतंय?